कापसाची मांडी

सीतादहीच्या दिवशी लीलाबाईनं सुनेला धुऱ्यावरच, वावराच्या बांधावर, थांबवलं. पराटी, म्हणजे कापसाची झाडं, फुटून वावर पांढरं झालं होतं आणि पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभात ठेवून पूजा करायचा मान लग्न झाल्यापासून नलूचा होता. ती सकाळीच डोक्यावरून न्हाली होती. दह्याचं गाडगं तिनं पदराखाली झाकून आणलं होतं. लीलाबाईनं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि शेजारच्या वावरातल्या कोकिळाला हाक मारली.

"भरल्या मांडीची बाई पाह्यजे," ती म्हणाली. नलूकडं न पाहता म्हणाली.

नलूची मांडी रिकामी नव्हती. कडेवर उर्वशी होती, दीड वर्ष उलटून गेलेली. पण तिची मान एका अंगाला कललेली आणि पाय ओल्या दोरासारखे लोंबत असायचे. कोकिळाची दोन पोरं मात्र धुऱ्यावरून धावत, एकमेकांना ढेकळं मारत होती. कोकिळानं रीत म्हणून एकदा नाही म्हटलं आणि मग गाडगं घेतलं. पाच गोटे धुऊन मांडले, हळदकुंकू लावलं, दहीभाताचे घास ठेवले. बोंडातून कापूस ओढून त्याचं सूत या झाडावरून त्या झाडावर गुंडाळलं. नलूचा सासरा रामधन बाजूला उभा राहून टाळ वाजवत होता.

रामधन टाळकरी होता. गावात कीर्तन कोणाचंही असो, महाराजांच्या उजव्या हाताला पहिला टाळ त्याचा. ज्यानं कीर्तनात पहाटेपर्यंत बसून पाहिलं आहे त्याला ठाऊक आहे, खरा टाळकरी तोंडानं कमी बोलतो. त्याचं सगळं म्हणणं त्या दोन वाट्यांत असतं. घरात भांडण झालं की रामधन टाळाची दोरी सोडून पुन्हा बांधत बसायचा.

त्या टाळाचा आवाज ऐकला की उर्वशीचे डोळे एका जागी थांबायचे. मान उचलायला ती सगळा जीव लावायची, कपाळ लाल व्हायचं. मान मात्र उचलली जायची नाही. नलूनं हे कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगावं असं त्या घरात कोणी राहिलं नव्हतं.

उर्वशी जन्मली तेव्हा रडली नव्हती. पाठीवर चापट्या मारून, पाणी शिंपडून, बऱ्याच वेळानं मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला. लीलाबाईचं म्हणणं एकच होतं, गोविंदानंही उशिराच पाय टाकला होता, आपल्या घरचे लेकरं आळशी असतात. गोविंदा म्हणजे नलूचा नवरा. तो लोहाऱ्याला कारखान्यात होता आणि रविवारी घरी यायचा. आई बोलली की आईचं खरं म्हणायचा, नलू बोलली की गप्प राहायचा.

मग गाडी घेऊन अंगणवाडीत येणाऱ्या डॉक्टरनं उर्वशीला हातात घेऊन पाहिलं. तिला पालथी धरली, उताणी धरली आणि यवतमाळला लहान लेकरांचं केंद्र आहे, तिथं न्याच, असं सांगितलं. दर मंगळवारी. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत. सुनेला एकटीला सोडायचं नाही म्हणून पहिल्या खेपेला लीलाबाई सोबत गेली आणि बसमध्ये राळेगावपासूनच तोंड फिरवून बसली.

केंद्र म्हणजे एक मोठी खोली होती. खाली गाद्यांच्या निळ्या पट्ट्या, एक भलामोठा चेंडू, भिंतीला माणूसभर उंचीचा आरसा. अलफिया नावाची मुलगी तिथं व्यायाम शिकवायची. बांधा बारीक, बोलणं तुटक. तिनं उर्वशीचे कपडे उतरवून तिला गादीवर पालथी टाकली आणि उर्वशीनं किंकाळी फोडली. लीलाबाई उठून उभी राहिली. लेकराला मारता काय, असं तिनं विचारलं. अलफियानं मान वर न करताच सांगितलं, "रडू द्या आजी. रडते म्हणजे जोर लावते."

लीलाबाई भिंतीकडं तोंड करून, त्यांच्याकडं पाठ फिरवून बसली. कोणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की मी काहीच पाहिलं नाही. तिच्या तोंडासमोर तो आरसा होता.

अलफियानं नलूचा हात धरून उर्वशीच्या कमरेखाली ठेवला. तळवा मागं, अंगठा एका हाडावर, बोटं दुसऱ्या हाडावर. घट्ट धरायचं नाही, म्हणाली. नुसतं सांगायचं, इथून सरळ हो. रोज कडक जमिनीवर पालथी टाकायची. झोळीत दिवसभर ठेवायची नाही, झोळीत लेकरू वाकडंच राहतं. आणि चारी बाजूंनी उशा लावून बसवायचं तर मुळीच नाही.

"ते बसणं नाही ताई, ते ठेवणं आहे," ती म्हणाली. "आणि हे वय परत येत नाही. आत्ता तिचं डोकं शिकतं. दोन-तीन वर्षांनी तुम्ही याल, मीही असेन, पण ते डोकं एवढं ऐकणार नाही. मंगळवार चुकवू नका."

परतताना कळंब आल्यावर लीलाबाईनं तोंड वळवलं. मग म्हणाली, "थ्या पोट्टीचं लगन तरी झालं काय? स्वतःच्या मांडीवर लेकरू नाही अन मले शिकवते."

*

वेचणी सुरू झाली. कापूस वेचायला सकाळचं दव सुकल्यावर जायचं, कमरेला ओटी बांधायची आणि तासाच्या, म्हणजे झाडांच्या ओळीच्या, दोन्ही अंगांनी वाकत पुढं सरकायचं. बोंडाची टोकं सुकली की काट्यासारखी होतात. नखांच्या कडा फाटतात, दुपारपर्यंत बोटांना रक्त सुकून काळं पडतं. ओटी भरली की ती पोटावर लोंबते, आणि ज्या बाईचं लेकरू झोळीत रडत असतं तिला ते ओझं दोनदा जाणवतं.

बाकी बायांची लेकरं बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळ्यांत झोपायची. नलूनं झोळी बांधली नाही. धुऱ्यावरची जमीन तिनं विळ्यानं खरवडून सपाट केली, बारदाना अंथरला आणि उर्वशीला त्यावर पालथी टाकली. लेकरू रडायचं. तोंडात धूळ जायची. नलू तास संपवून यायची, तोंड पुसायची, कमरेवर हात ठेवायची, पुन्हा दुसऱ्या तासाला लागायची. वेचणाऱ्या बायांचे हात थांबायचे.

कोकिळा आधी हसून बोलायची. म्हणायची, आमचे गुरंही असे मातीत नाही टाकत आम्ही. मग हसणं गेलं. एका दुपारी तिनं सरळ येऊन उर्वशीला उचललं आणि आपला लहाना दुपारी ज्यात निजायचा त्या झोळीत घातलं. नलू ओटीसकट धावत आली, तिनं लेकराला झोळीतून काढलं आणि परत बारदान्यावर पालथी टाकली. लेकरू जीव तोडून रडत होतं.

कोकिळा म्हणाली, "दुसऱ्याचं असतं तर असं केलं असतं काय व? पोटची आहे का पाळलेली?"

"पोटची आहे म्हून करतो," नलू म्हणाली. "तुह्या झोळीत थे मोठी होईन, पण उठणार नाही."

त्या दिवसापासून भाकरीच्या वेळेला बाया तिच्याजवळ बसेनाशा झाल्या. नलू आपलं फडकं सोडून एकटीच खायची. कोकिळानं ही गोष्ट लीलाबाईच्या कानावर घातली, आणि ती सांगताना तिखटमीठ लावायचं विसरली नाही. लीलाबाईला गावातून जाताना मान खाली घालावी लागली. संध्याकाळी तिनं निकाल दिला की उद्यापासून पोरगी घरी, माझ्याजवळ. नलूनं वेचायला जावं. मंगळवारचं नंतर पाहू, कापूस झाडावर थांबत नाही.

नलूनं रामधनकडं पाहिलं. तो टाळाची दोरी बांधत होता.

*

वेचलेला कापूस घरातच साठवायचा, ही इकडची रीत. भाव चढेपर्यंत माणसं ओसरीत आणि कापूस मधल्या खोलीत. खोली सारवून, रिकामी करून तिथं गंजी लागते आणि रोज वर चढत आढ्याला टेकते. कापसात चप्पल घालून कोणी जात नाही. लीलाबाई तर पाय धुऊनच आत शिरायची आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळी न्यायची. तिच्या लेखी ती खोली देवघरापेक्षा कमी नव्हती. कापूस ही लक्ष्मी, आणि ती एवढे दिवस घरी पाहुणी राहते हे आपलं भाग्य.

एका संध्याकाळी नलू डोक्यावर गाठोडं घेऊन आली तर अंगणात चपलाच चपला. आतून टाळाचा आवाज येत होता. ती गाठोड्यासकट दारात थांबली.

गंजीच्या पायथ्याशी, कापसात कमरेपर्यंत बुडून, उर्वशी बसली होती. ताठ बसली होती. मान थोडी डुलत होती, पण वर होती. समोर रामधन टाळ वाजवत होता आणि उर्वशी तोंड उघडून हसत होती. तिच्यामागं कापसात रेलून लीलाबाई बसली होती, एक हात कोपरापर्यंत कापसात खुपसलेला, डोळ्यांतून पाणी. दाराशी उभ्या बाया हात जोडून पाहत होत्या.

"पाह्य," लीलाबाई म्हणाली. आवाज फुटत होता. "बसली पाह्य माही नात. लक्ष्मीनं मांडीवर घेतली तिले."

नलूच्या डोक्यावरचं गाठोडं घसरून खाली पडलं. आपलं लेकरू पहिल्यांदा बसलेलं पाहणाऱ्या कोणत्याही आईचं होतं तेच तिचं झालं. ती गुडघ्यांवर आली, तिनं उर्वशीच्या तोंडावरून हात फिरवला, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. थोडा वेळ त्या खोलीत कोणाचंही कोणाशी वैर नव्हतं.

मग तिला अलफियाचं उशांबद्दलचं बोलणं आठवलं. तिनं उर्वशीच्या डाव्या बाजूचा कापूस ओंजळीनं काढायला सुरुवात केली. दोन ओंजळी, तीन ओंजळी. लीलाबाईनं तिचा हात धरायला म्हणून आपला खुपसलेला हात बाहेर ओढला, आणि त्याच क्षणी उर्वशी डाव्या अंगाला रिकाम्या पोत्यासारखी कोसळली. तोंड कापसात गेलं. तिला ठसका लागला.

लीलाबाईनं नलूच्या हातावर फटका मारला. सगळ्या बायांसमोर. देवानं बसवलेलं लेकरू आईनं पाडलं, असं ती म्हणाली, आणि दारातल्या बाया एकमेकींकडं पाहू लागल्या.

"थे बसून नव्हती राह्यली आत्याबाई," नलू म्हणाली. "कापूस बसवून राह्यला होता तिले."

कोणी ऐकलं नाही. कोकिळानं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली की काही बायांना आपल्या लेकराचं चांगलं पाहवत नाही.

रविवारी गोविंदा आला. त्यालाही उर्वशी कापसात बसवून दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला, मोबाईलवर फोटो काढला, आणि जेवताना नलूला म्हणाला, आता बसून राह्यली ना, मग यवतमाळ कायले. नलूनं सांगून पाहिलं. एकदा जमिनीवर ठेवून पाहा, एवढंच. गोविंदानं आईकडं पाहिलं. आई भाकरी थापत होती आणि तिचा थापण्याचा आवाज मोठा झाला होता. तो म्हणाला, वेचणी संपू दे.

पुढच्या मंगळवारी नलूनं पिशवी भरली आणि लेकरू न्यायला खोलीत गेली. लीलाबाई कापसात उर्वशीला पोटाशी धरून बसली होती. नलूनं लेकराचे दंड धरले, लीलाबाईनं कंबर धरली. दोघींनी ओढलं. उर्वशी ओरडली तेव्हा नलूच्या हाताला कळलं की आणखी ओढलं तर हे नाजूक काहीतरी निखळेल. तिनं सोडलं. बाहेर बसचा हॉर्न वाजला आणि बस गेली. नलूनं पिशवीतलं दूध ओतून पातेल्यात ठेवलं, ओटी बांधली आणि वेचायला निघून गेली.

*

मार्गशीर्षात गावचा सप्ताह बसला. नलूला कीर्तनाचं वेड होतं. माहेरी आईच्या मांडीवर झोपत-उठत ती कीर्तनं ऐकत वाढली होती. वीणा कोणत्या घरातल्या माणसाच्या गळ्यात आहे हे तिला नुसत्या चालण्यावरून कळायचं. अभंगाचं निरूपण संपवून महाराज कथेकडं वळतात तेव्हा मृदंग एकदम हलका होतो, त्या जागेला तिच्या अंगावर दरवेळी काटा यायचा. वर्षभर जे सोसायचं ते त्या सात दिवसांत मांडवाच्या खांबाला टेकून विसरायचं, असा तिचा शिरस्ता.

महाराज बाहेरगावचे होते. गळा गोड, माणूस प्रेमळ. लीलाबाईनं त्यांना घरी नेऊन दूध दिलं आणि कापसातली उर्वशी दाखवली. रात्री कीर्तनात त्यांनी ते घेतलं. भक्ताच्या घरी लक्ष्मी आली, म्हणाले, आणि नुसती कोपऱ्यात बसली नाही. ज्या लेकराला डॉक्टरनं टाकलं त्याला तिनं मांडीवर घेतलं. आणि आपण काय करतो, तर शंका काढतो. मग त्यांनी विठ्ठलाच्या नावाचा गजर लावला. रामधनचा टाळ त्या दिवशी असा लागला की मांडवाच्या कनाती थरथरल्या. सगळ्या बाया हात वर करून उभ्या राहिल्या.

नलूचे हात वर गेले नाहीत. तिनं प्रयत्न केला. हात मांडीवरून उठेचनात. आणि ते ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं.

महाराज वाईट नव्हते. त्यांना जेवढं दाखवलं तेवढं त्यांनी गायलं. प्रसाद वाटताना नलूनं त्यांचे पाय धरले आणि म्हणाली, महाराज, एकदा तिला जमिनीवर ठेवून पाहा. ते दमले होते, मागं रांग होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, माय, भरोसा ठेव. मागच्या बाईनं नलूला पुढं ढकललं.

त्यानंतर नलूला गावात काही बोलायची सोय राहिली नाही. आता ती सासूच्या नव्हे, देवाच्या विरोधात होती. आडावर तिची बादली मागं सरकवली जायची. लीलाबाई तिला नावानं हाक मारेनाशी झाली, भिंतीला सांगायची आणि नलूनं ऐकायचं. नलूही भिंतीलाच उत्तर द्यायची. लेकराला अंघोळ घालायची तेवढा वेळ मात्र तिचा होता. न्हाणीच्या दगडावर ती उर्वशीला पालथी घ्यायची आणि कमरेवर हात ठेवायची. नुसतं सांगायचं, इथून सरळ हो. दार ढकलून लीलाबाई खोकायची, की नलू पाणी ओतायला लागायची.

त्या अंघोळीतच तिला पुरळ दिसलं. लेकराच्या कमरेपासून खाली लाल, बारीक, चिकटून उठलेलं. जुन्या कापसात बारीक किडे होतात आणि माणसाला खाजवून हैराण करतात, हे गावात सगळ्यांना माहीत. रामधनची मान खाजत होती, गोविंदा रविवारी येऊन पाठ भिंतीला घासत होता. नलूनं भिंतीला सांगितलं की लेकराला कापूस चावतो आहे. लीलाबाईनं चुलीला सांगितलं की साबण बदलला म्हणून झालं. ती हल्ली लांब बाह्यांचं पोलकं घालायची आणि भाकरी थापतानाही उजवी बाही वर करायची नाही.

भाव बरा होता. व्यापाऱ्याचा माणूस दोनदा येऊन गेला. लीलाबाई विकू देत नव्हती. लेकरू पक्कं बसेपर्यंत लक्ष्मी घरातून हलवायची नाही, असं ती म्हणायची. शेवटी रामधन बोलला. टाळ पिशवीत घालून, पिशवी खुंटीला अडकवून बोलला.

"घरात माणसं राहतीन का कापूस? सोमवारी टेम्पो येते."

*

सोमवारी टेम्पो मागं येत दाराशी लागला. व्यापाऱ्याचे चार हमाल चादरी अंथरून कापूस भरू लागले. दोघं भरायचे, दोघं चादरीची चार टोकं धरून बाहेर न्यायचे. खोलीत तंतू उडत होते, सगळे खोकत होते. आढ्याला टेकलेली गंजी दुपारपर्यंत छातीला आली, मग कमरेला. कापूस जाताना पाहायला म्हणून शेजारीपाजारी ओसरीत जमले. कोकिळा उंबऱ्यात टेकली होती.

लीलाबाई उठली नाही. खोलीच्या कोपऱ्यात उर्वशीला पुढ्यात घेऊन ती बसली होती आणि तिच्याभोवती पाटीभर कापूस राहिला होता. चारी बाजूंनी सारवलेली जमीन उघडी पडली होती. मध्ये ती म्हातारी आणि लेकरू, पुरात उरलेल्या बेटासारखी.

हमाल चादर घेऊन उभा राहिला. म्हणाला, आजी उठा, एवढं राह्यलं. लीलाबाई म्हणाली, एवढं राहू दे, माह्या नातीले. हमाल हसला. व्यापाऱ्याचा माणूस बाहेरून ओरडला की वजनात घेतलं आहे, ठेवता येणार नाही. मग हमालानं वाकून एका बाजूनं कापूस ओढायला सुरुवात केली, आणि नलूनं त्याला हातानं थांबवलं.

ती खाली बसली. तिनं स्वतः कापूस काढला. घाई केली नाही. समोरून काढला, उर्वशीचे पाय दिसले, पुरळानं लाल झालेले. डावीकडून काढला. उर्वशी ताठच. उंबऱ्यात कोकिळा पुढं सरकली. उजवीकडून काढला. लेकरू पडलं नाही. मग मागचा शेवटचा पुंजका काढला आणि तिला लीलाबाईचा हात दिसला.

बाही कोपरापर्यंत सरकली होती. हात पंज्यापासून कोपरापर्यंत सोललेल्या बिटासारखा लाल, खाजवून खाजवून ठिकठिकाणी पाणी सुटलेला. आणि तो हात उर्वशीच्या कमरेखाली होता. तळवा मागं, अंगठा एका हाडावर, बोटं दुसऱ्या हाडावर.

लीलाबाईला तो काढून घेता येत नव्हता. काढला असता तर लेकरू पडलं असतं. सगळे पाहत होते आणि ती हात तसाच ठेवून, मान खाली घालून बसून राहिली.

"म्हातारीनंच धरून ठेवली होती बे," हमाल दुसऱ्याला म्हणाला. कोकिळा हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं. लक्ष्मीची मांडी म्हणे, असं काहीतरी बोलली.

नलू उठली. कोकिळाच्या अंगावर जाऊन उभी राहिली.

"आपल्या घरी जाय," ती म्हणाली. "आमचं आम्ही पाहू."

हमाल उरलेला कापूस घेऊन बाहेर गेले तसं तिनं दार लोटून घेतलं. बाहेर टेम्पोची दोरी आवळल्याचा आवाज येत होता. खोलीत कापूस नसला की आवाज किती घुमतो हे पहिल्यांदाच कळत होतं. नलू सासूसमोर बसली. तिच्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं. फटका, आडावरची बादली, सीतादहीचं गाडगं, बुडालेले सगळे मंगळवार.

"कईपासून?" तिनं विचारलं.

"पयल्या दिवसापासून," लीलाबाई म्हणाली. "थ्या दिवशी वाटलं, एखाद्या दिवशी हात काढीन अन थे बसलेली राहीन. लोकं पाहाले येत गेले, मंग काढता येईना."

"मले सांगायचं होतं."

"तुले?" लीलाबाईनं वर पाहिलं. त्या पाहण्यात माया नव्हती. "तुले सांगितलं असतं तर तू जितली असती."

रामधन आत आला होता. केव्हा आला ते दोघींना कळलं नाही. तो उर्वशीच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला, पिशवीतून टाळ काढले आणि एकच ठोका दिला. रिकाम्या खोलीत तो नाद फिरत राहिला. उर्वशीचे डोळे थांबले. कपाळ लाल झालं. तिनं दोन्ही हात पुढं टाकले, पंजे सारवणावर टेकवले आणि कोपरं थरथरत असताना तिची मान वर यायला लागली.

"हात सैल करा आत्याबाई," नलू हळूच म्हणाली. "काढू नोका. सैल करा."

लीलाबाईनं बोटं सैल केली. नाद बारीक होत गेला. तो पुरता विरेपर्यंत उर्वशी आपल्या हातांवर टेकून, उघड्या जमिनीवर, आपली आपण राहिली. मग कोपरं दुमडली आणि ती पुढं पडली. नलूचा तळवा खाली होता.

कोणी रडलं नाही, कोणी हात जोडले नाहीत. रामधननं टाळाची दोरी बोटाला गुंडाळली. लीलाबाईनं बाही खाली ओढली आणि भिंतीला नव्हे, नलूला सांगितलं, "उद्या मंगळवार आहे. मी येतो. पण बसमध्ये तुह्याजवळ नाही बसत."

दुसऱ्या दिवशी ती खरंच वेगळी बसली. पुढच्या सीटवर, खिडकीकडं तोंड करून, उर्वशीला मांडीवर घेऊन. हाताला खोबरेल चोपडलेलं होतं आणि तो उर्वशीच्या कमरेमागं होता. राळेगाव गेलं, फाटे गेले, खाली केलेल्या पराट्यांची काळी वावरं गेली. नलू मागच्या सीटवरून सासूच्या पांढऱ्या अंबाड्याकडं पाहत होती. त्यात कापसाचा एक तंतू अडकला होता. तिनं तो काढला नाही.

कळंबच्या अलीकडं लीलाबाईनं मान न वळवता लेकरू सीटवरून मागं दिलं.

"घे. माहा हात भरून आला," ती म्हणाली. "अन असं नोको समजू का तुहं खरं झालं."

"नाही समजत," नलू म्हणाली.

तिनं उर्वशीला मांडीवर बसवलं आणि कमरेमागं हात ठेवला. तिथली कातडी सासूच्या हातानं अजून ऊन होती, खोबरेलानं निसरडी. बस खड्ड्यातून गेली, लेकरू डुललं, आणि नलूनं बोटं आवळली नाहीत.